पॉवर टिलर उघडतोय: २००६ पासून जाम असलेलं इंजिन (येळ्ळूर शिवार, बेळगाव)

भातशिवार | १२ जानेवारी

नमस्कार मंडळी. सुगी आटोपली, मसूर आणि हरभरा शिवारात उभा आहे, हाताला थोडी उसंत आहे. म्हणून गोठ्याच्या कोपऱ्यात जवळजवळ वीस वर्षं पडलेला आमचा पॉवर टिलर उघडायला काढलाय.

बाबांनी तो १९८८ मध्ये घेतला. त्याआधी घरी बैलजोडी होती. एक सिलिंडरचं आडवं डिझेल इंजिन, वर इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं हॉपर, हँडल मारून चालू करायचं. वडगाव ते येळ्ळूर या पट्ट्यातल्या काळ्या मातीत बासमतीच्या चिखलणीला त्याच्याइतकं सोयीचं यंत्र नव्हतं. मोठा ट्रॅक्टर रुतायचा तिथे हा लोखंडी चाकं लावून फिरायचा. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण प्रश्न कंपनीचा नाही.

जुलै २००६ मध्ये ऐन चिखलणीत इंजिन एकाएकी जाम झालं. त्या वेळी टिलर धाकट्या काकांच्या, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, हातात होता. बाबा बांधावरून आले, हॉपरवर हात ठेवला आणि म्हणाले, "पाणी बघितला नाहीस." आप्पा म्हणाले पाणी होतं. बाबांनी ऐकलं नाही. उरलेली चिखलणी भाड्याच्या टिलरने झाली, हा गोठ्यात ढकलला तो कायमचा. पुढच्या दोन वर्षांत वाटण्या झाल्या. वाटण्या काही टिलरमुळे झाल्या नाहीत, पण प्रत्येक बोलाचालीत टिलर निघायचा.

बाबा चार वर्षांपूर्वी गेले. भंगारवाला दोनदा येऊन वजनाचा भाव सांगून गेला. मला तो द्यायचा नाही. परत शेतात चालवायचाय. इंजिन हँडलने तसूभर हलत नाही. सुरुवात कुठून करू?

---

मार्कंडेयकाठ | १२ जानेवारी

भाऊ, मी धा वर्सं टिलर चालवलोय. जाम इंजिनाला घण लावू नका आणि हँडलला पाईप घालून दोघं लटकू नका, एवढं पयलं सांगतो. हँडलचा कुत्रा (क्रँकला अडकणारा दात) तुटतो, नायतर क्रँक वाकतो. डिझेल फवारणारा नोजल काढा, सिलिंडरात रॉकेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं तेल) निम्मं-निम्मं घाला, आठ दिवस विसरा.

---

उद्यमबागी | १२ जानेवारी

वरच्या सल्ल्यात एक दुरुस्ती. इंजिन आडवं आहे. त्यात ओतलेलं तेल सिलिंडरच्या खालच्या अर्ध्या भागातच बसेल, वरचा अर्धा कोरडाच राहील. म्हणून इंजिन टिलरवरून उतरवा आणि हेड आकाशाकडे राहील असं उभं टेकवा. मग ओता. पिस्टनच्या सगळ्या कडेने झिरपेल.

त्याआधी दोन कामं करा. प्रत्येक बाजूचे फोटो काढा, विशेषतः वेग आवरणाऱ्या गव्हर्नरचे दांडे आणि स्प्रिंगा कुठल्या भोकात आहेत ते. आणि फ्लायव्हीलवरच्या खुणा खडूने ठळक करा. डिझेल पंपाखालचे शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) निघाले तर ते मोजून, तारेत ओवून पंपालाच बांधा. इंधन कधी फवारायचं ते त्या शिमवर ठरतं. एक हरवला तर पुढे महिनाभर धूर बघत बसाल.

मी ३१ वर्षं क्रँक ग्राइंडिंग केलं. विचारायला संकोच करू नका.

---

दूरदेशी | १३ जानेवारी

मूळचा शहापूरचा, आता ओहायोत. इथे लोक घरच्या गॅरेजात जुने गार्डन ट्रॅक्टर उघडतात. १९६३ साली आलेला जॉन डिअर ११० किंवा त्याच्या आसपासचे कब कॅडेट. माझ्या शेजाऱ्याकडे शिकलेली एक रीत सांगतो: जे झाकण काढाल त्याचा आकार पुठ्ठ्यावर पेन्सिलने काढा आणि प्रत्येक बोल्ट पुठ्ठ्यावरच्या त्याच्या जागी खोचा. लांबी-आखूड बोल्टांची अदलाबदल होत नाही. आखूड भोकात लांब बोल्ट आवळला की बीड फुटतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

---

निपाणीकर | १३ जानेवारी

सुट्या भागांबद्दल. आपल्याकडे जुने टिलर बहुतेक दोन घराण्यांचे असतात. एक बंगळूरच्या व्हीएसटीचे, ही कंपनी १९६७ ची आणि मित्सुबिशीच्या तंत्रावरची. दुसरे केरळ सरकारच्या कॅमकोचे, १९७३ ची आणि कुबोटाच्या तंत्रावरची. बाहेरून सारखे दिसले तरी लायनर (सिलिंडरातलं बदलता येणारं नळकांडं), रिंगा, क्लचच्या पट्ट्या एकाच्या दुसऱ्याला बसत नाहीत. जुना भाग हातात घेऊनच दुकानात जा. बेअरिंग आणि ऑइल सीलचं मात्र तसं नाही, त्यावर नंबर असतो, कुठेही मिळतं. ६२०६ म्हणजे आत ३०, बाहेर ६२, जाडी १६ मिमी, मग ते टिलरचं असो की पिठाच्या गिरणीचं.

आणि कॅमकोचा कारखाना अथाणीला आहे, पण ती एर्नाकुलम जिल्ह्यातली अथाणी, आपली बेळगाव जिल्ह्यातली अथणी नव्हे. आमच्या गावातला एक जण खरंच एसटीने अथणीला जाऊन आला होता.

---

भातशिवार | २ फेब्रुवारी

वीस दिवसांचा वृत्तांत.

इंजिन उतरवायला चार माणसं लागली. परसात फणसाखाली दोन जुन्या स्लीपरांवर उभं केलं. तेल घालून बारा दिवस ठेवलं. पातळी थोडी उतरली, म्हणजे झिरपलं. तरीही हललं नाही.

हॉपर धुताना खाली, पाणी सोडायच्या कॉकजवळ, एक बारीक तडा दिसला. तीन बोटं लांब. मला वाईट वाटलं. बाबांचंच म्हणणं खरं असावं असं वाटलं.

मग मागचं झाकण उघडलं, जिथून कनेक्टिंग रॉडचे बोल्ट दिसतात. झाकणाचं पॅकिंग कंपनीचं नव्हतं, जाड कागदाचं हाताने कापलेलं होतं. बाबा पॅकिंग घरीच कापायचे. झाकणाच्या कडेवर पुठ्ठा ठेवून छोट्या हातोडीने ठोकत ठोकत कडा पाडायचे, लहानपणी मी ते तासनतास बघायचो. दोन्ही बाजूंना शेलॅक (लाखेचं वार्निश) भरपूर लावलेलं. पॅकिंग न फाडता सोडवलं आणि ठेवून दिलं.

आत रॉडची टोपी निघाली. फोटो टाकले आहेत. बेअरिंगच्या दोन्ही वाट्या घासून वाहून गेल्यासारख्या दिसतात. क्रँकच्या त्या जागेला निळा-काळा रंग चढलाय.

---

मार्कंडेयकाठ | २ फेब्रुवारी

हॉपरला तडा म्हणजे विषय संपला की. पाणी संपलं, बीड तापलं, वरनं गार पाणी वतलं, टिचलं. असं मी दोन टिलरात बघितलोय. तुमच्या बाबांचं खरं होतं.

---

बिडाची_भट्टी | ३ फेब्रुवारी

थांबा. तडा कुठून निघतो ते महत्त्वाचं आहे. फोटो मोठा करून पाहिला. तडा कॉकच्या आट्यांपासून सुरू होऊन वर जातो. कॉकचे आटे निमुळते असतात. गळतोय म्हणून आवळत गेलं की तो पाचरीसारखा बिडात घुसतो आणि भोकाची कड फाटते. उष्णतेचा तडा सहसा असा आट्यांतून निघत नाही, तो सिलिंडरच्या तोंडाजवळ नाहीतर दोन जाडींच्या सांध्यावर येतो, कारण जास्त तापतं ते तिथे.

तुमचा तडा पान्याचा आहे, पाण्याचा नाही.

दुरुस्त होईल. तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडा म्हणजे पुढे सरकणार नाही. मग व्ही आकारात कोरून निकेलच्या रॉडने वेल्डिंग. बोटाच्या पेराएवढा टाका, लगेच हलक्या हातोडीने ठोका, हात लावता येईल इतकं निवू द्या, मग पुढचा टाका. एका दमात ओढणाऱ्याकडे देऊ नका. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून ज्या गावात १९०३ साली लोखंडी नांगर उभा केला, त्या बेळगावात बिडाचं काम जाणणारा मिळत नाही असं होणार नाही.

---

उद्यमबागी | ३ फेब्रुवारी

माझं लक्ष रॉडच्या बेअरिंगकडे आहे. पाण्यावाचून तापलेलं इंजिन आधी पिस्टनला धरतं. ॲल्युमिनियम फुगतं, लायनरला घासतं, पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे येतात आणि लायनरला चांदीसारखी चकाकी चिकटते. तुमच्या फोटोत रॉडचं बेअरिंग वितळलंय, क्रँक निळा झालाय. हे तेल न पोचल्याचं लक्षण आहे.

पिस्टन बाहेर काढा. तोपर्यंत मी काही बोलत नाही. काढल्यावर तीन गोष्टी बघा: पिस्टनचं अंग, लायनरखालचे रबरी ओ-रिंग, आणि चेंबरमधली तेल गाळणारी जाळी.

---

भातशिवार | ९ फेब्रुवारी

पिस्टन निघाला. रॉड सुटल्यावर मागून लाकडी ठोकळा लावून हळूहळू हेडच्या बाजूला सरकवला. अडकला होता तो फक्त गंजाने, रिंगा जिथे थांबल्या होत्या तिथे लायनरवर तपकिरी पट्टा आहे.

पिस्टनच्या अंगावर ओरखडा नाही. कारखान्यातल्या लेथच्या बारीक रेघा अजून बोटाला लागतात.

ओ-रिंग चपटे झालेत, पण वाकवले तर वाकतात. करपलेले नाहीत.

जाळी जवळजवळ पूर्ण बंद आहे. काळा गाळ, आणि त्यात तपकिरी, काचेसारखे ठिसूळ पापुद्रे, झाकणाच्या पॅकिंगवरच्या शेलॅकसारखेच. तेलाचा दाब दाखवणारी वरची लाल काडी तिच्या नळीत गंजून वरच अडकलेली. म्हणजे तेल वर चढलं काय नि नाही काय, काडी वरच दिसणार. ती त्या वेळीच अडकली होती की पडून राहिल्यावर, ते आता कळायला मार्ग नाही.

---

मार्कंडेयकाठ | ९ फेब्रुवारी

मी त्या दिवशीचं बोलणं मागं घेतो. पाण्याचं नव्हतं. खरं जाळी शेलॅकनंच बंद झाली असं कशावरनं? तेल दोन-दोन वर्सं बदलत नव्हतो आम्ही कुणीच. नुसत्या गाळानं पण जाळी बसते.

---

बिडाची_भट्टी | १० फेब्रुवारी

शंका रास्त आहे आणि घरी तपासता येते. फाउंड्रीत लाकडी पॅटर्नला आम्ही शेलॅक मारतो, त्यामुळे त्याचा स्वभाव माहीत आहे. ते रॉकेलला, डिझेलला दाद देत नाही, स्पिरिटला देतं. जाळी रॉकेलमध्ये धुवा. तेलाचा गाळ निघून जाईल. जे पापुद्रे उरतील ते झाकणाच्या बाटलीत स्पिरिट घालून रात्रभर ठेवा. इतक्या वर्षांच्या उष्णतेने पूर्ण विरघळणार नाहीत कदाचित, पण शेलॅक असेल तर मऊ पडून रंग सोडतील.

---

भातशिवार | १२ फेब्रुवारी

रॉकेलमध्ये गाळ गेला, पापुद्रे तसेच राहिले. स्पिरिटमध्ये सकाळपर्यंत ते मऊ झाले, आणि स्पिरिटला कोऱ्या चहासारखा रंग आला. झाकणाच्या आतल्या कडेला बाहेर ओघळून वाळलेलं शेलॅक होतं, त्याचा तुकडाही दुसऱ्या बाटलीत टाकला. तोच रंग.

आता दुसरी गोष्ट. ते पॅकिंग पुसून उन्हात ठेवलं होतं. आज उलटून पाहिलं तर त्यावर सोनेरी अक्षरं आहेत. ती माझ्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका आहे. अर्धी चि. सौ. कां. ची ओळ, आणि खाली तारीख: मे २००६.

म्हणजे लग्नानंतर, पावसाच्या तोंडावर, बाबांनी स्वतः ते झाकण उघडलं होतं. उरलेल्या पत्रिकेचं पॅकिंग कापलं, घट्ट बसावं म्हणून शेलॅक सढळ हाताने लावलं. जुलैत इंजिन बसलं.

मला आज पुढचं काही करवत नाही.

---

खानापूरची_लेक | १२ फेब्रुवारी

दादा, यंत्रातलं मला कळत नाही, बहिणीच्या पत्रिकेपर्यंत मात्र सगळं वाचलं. तुमचे आप्पा आहेत ना अजून? त्यांना सांगितलंत का?

---

निपाणीकर | १३ फेब्रुवारी

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. बाबा गेले. आता ते उत्तर द्यायला येणार नाहीत. टिलर दुरुस्त करा, आप्पांना चालवायला बोलवा, एवढं पुरे. गेलेल्या माणसाची चूक काढून काय करायचं?

---

खानापूरची_लेक | १३ फेब्रुवारी

पण ज्यांनी चूक केली नव्हती ते जिवंत आहेत. वीस वर्षं त्यांनी "पाणी बघितला नाहीस" हे वाक्य अंगावर वागवलंय. बाबांचा मान राखायचा म्हणून आप्पांनी ते तसंच वागवत राहायचं का? माझ्या माहेरी एका विहिरीच्या मोटरवरून असंच झालं होतं. खरं कळलं तेव्हा सांगायला माणूस उरला नव्हता.

---

उद्यमबागी | १३ फेब्रुवारी

मी फक्त कामाचं सांगतो. तुमच्या बाबांनी निष्काळजीपणा केला नाही. गळती थांबावी म्हणून जास्त काळजी घेतली. त्या काळी आम्ही सगळेच शेलॅक असं लावायचो. बाहेर ओघळलेलं दिसतं म्हणून पुसतो, आत ओघळलेलं दिसत नाही. माझ्या हातून एका पंपाचं इंजिन असंच गेलं आहे. हे आप्पांना सांगताना सांगा.

---

भातशिवार | २१ फेब्रुवारी

काल आप्पांकडे गेलो. भाषण केलं नाही. पिशवीतून दोन वाट्या, जाळी आणि पॅकिंग काढून सोप्यात त्यांच्यासमोर ठेवलं आणि काय काय सापडलं ते क्रमाने सांगितलं. उद्यमबागी काकांचं वाक्यही सांगितलं.

आप्पांनी वाटी बराच वेळ हातात फिरवली. मग म्हणाले, "पाणी होतं रे. लाल गोळा वरच होता. मी तेव्हा पण सांगितलो." (लाल गोळा म्हणजे हॉपरमधल्या पाण्याची पातळी दाखवणारा, तेलाची लाल काडी वेगळी.) थोड्या वेळाने पॅकिंग हातात घेऊन पत्रिकेची ओळ वाचली आणि विचारलं, "हे नीट ठेवतोस नव्हं?"

काकूंनी चहा आणला. निघताना आप्पा म्हणाले, क्रँक कुणाकडे देतोस ते मला दाखवल्याशिवाय देऊ नकोस.

---

मार्कंडेयकाठ | २१ फेब्रुवारी

वाचून गप्प बसलो. आप्पांना माझा नमस्कार सांगा.

---

उद्यमबागी | २२ फेब्रुवारी

क्रँकबद्दल तीन गोष्टी लिहून घ्या आणि ग्राइंडिंगवाल्याला समोर उभं राहून सांगा.

निळा पडलेला क्रँक आधी तड्यासाठी तपासायचा. मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने तडा दाखवणारी तपासणी) असेल तर उत्तम. नसेल तर रॉकेलने भिजवा, कोरडा पुसा, वर खडूची पूड मारा आणि अर्धा तास थांबा. तडा असेल तर रॉकेल बाहेर येऊन खडूवर रेघ उमटते.

पहिल्या मापाने साफ झाला तर दहा थाउ, म्हणजे ०.२५ मिमी, घासायचा. नाही झाला तरच वीस. वाट्या त्याच मापाच्या आणायच्या, घासून झाल्यावर.

तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. क्रँकच्या कोपऱ्यातली गोलाई तशीच राहिली पाहिजे. दगडाची धार टोकदार असली आणि कोपरा काटकोनात कापला गेला, तर क्रँक पुढे तिथेच तुटतो. आणि रॉडही द्या सोबत. इतकं तापल्यावर त्याचं मोठं भोक लंबगोल झालेलं असतं.

घरी आणल्यावर तेलाची भोकं तारेने आणि हवेने साफ करा. ग्राइंडिंगची पूड आत राहिली तर नव्या वाट्या पहिल्याच दिवशी जातील.

---

भातशिवार | २३ मार्च

क्रँक दहा थाउत साफ झाला. तडा नाही. लायनरवर गंजाचे खड्डे खोल होते म्हणून लायनर, पिस्टन, रिंगा नवे घेतले. सगळ्यात मोठा खर्च या दोन कामांचाच. हॉपरचा तडा दोन दिवस टाके टाकत भरला, पाणी भरून रात्रभर ठेवलं, थेंब नाही. आप्पा दोन्ही दिवस वेल्डिंगवाल्याशेजारी बसून होते.

हेड बसवताना पिस्टन आणि हेडमधली जागा मोजली. फ्यूजच्या तारेचे दोन तुकडे ग्रीसने पिस्टनवर चिकटवले, हेड पूर्ण आवळलं, चाक एक फेरा फिरवलं, परत उघडून चपटलेली तार मायक्रोमीटरने मोजली. पुस्तकातल्या मापात आहे. ही युक्ती आप्पांची. व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले आणि पोर्टमध्ये रॉकेल ओतून ठेवलं. पाझरलं नाही.

गंजाचं विचारायचंय. लोखंडी चाकं, रोटरीचं आवरण आणि पात्यांचे धारक पार गंजलेत. वायर ब्रशने हात मोडायची वेळ आली.

---

दूरदेशी | २३ मार्च

विजेने काढा. प्लास्टिकच्या पिंपात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, वीस लिटरला साधारण पाच-सहा चमचे. गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला, भंगारातला लोखंडी पत्रा धन टोकाला. दोघे एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. सकाळी गंज काळ्या चिखलासारखा हाताने निघतो.

दोन गोष्टी जीव तोडून सांगतो. पत्रा स्टेनलेस स्टीलचा घ्यायचा नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि हे उघड्यावरच करायचं, कारण हायड्रोजन वायू निघतो. जवळ विडी-काडी नको, टोकं सोडायच्या आधी चार्जर बंद करायचा. स्प्रिंगा आणि कडक केलेले भाग यात घालू नका, ठिसूळ होतात.

---

चंदगडी_वारा | २४ मार्च

रंग कुठला देणार? आमच्याकडे एकाने जुना टिलर लग्नातल्या घोड्यासारखा चकचकीत केला आणि आता चिखलात घालायला जीव होत नाही त्याचा.

---

भातशिवार | २५ मार्च

चिखलातच घालायचाय. गंज निघाल्यावर रेड ऑक्साईडचा एक हात आणि मूळ रंगाच्या जवळचा एक हात, बस. डाव्या हँडलवर बाबांच्या तळव्याने रंग उडून लोखंड गुळगुळीत झालंय. तेवढी जागा रंगवणार नाही. तिथे नुसतं तेल.

---

भातशिवार | ११ मे

थोडक्यात. गिअरबॉक्समध्ये जुनं तेल दुधाळ झालं होतं, म्हणजे पाणी शिरलेलं. रोटरीच्या दोन्ही टोकांचे ऑइल सील भाताच्या पेंढ्याने कापले होते. ताटं शाफ्टवर गुंडाळून सीलच्या ओठाखाली जातात, दर दोन दिवसांनी कापून काढायला हवीत. चार बेअरिंगं आणि सगळे सील बदलले, एसएई ९० गिअर तेल भरलं. बी सेक्शनचे पट्टे नवे. नोजल पंपवाल्याकडून तपासून आणला.

मागच्या झाकणाचं पॅकिंग मीच कापलं, बाबांसारखं ठोकून. शेलॅक लावलं नाही. ग्रीसचा पुसट हात फक्त.

आता पहिल्यांदा चालू करताना काय सांभाळू?

---

उद्यमबागी | ११ मे

डिझेल बंद ठेवून, डिकॉम्प्रेशनचा (सिलिंडरातला हवेचा दाब सोडणारा) खटका दाबून, हँडल मारत राहा, लाल काडी वर येईपर्यंत. काडी आली नाही तर चालू करायचं नाही, कितीही मोह झाला तरी.

मग पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारा दांडा) बोटाने हलवून बघा, सहज मागेपुढे सरकला पाहिजे. उघडलेल्या इंजिनात रॅक पूर्ण डिझेलवर अडकला तर इंजिन वेग धरत जातं आणि थांबत नाही. एक जण हवेच्या तोंडाशी जाड फळी घेऊन उभा राहू दे. हाताने किंवा फडक्याने तोंड बंद करायचं नाही, ओढून घेतं. फळीच. आणि हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला. उलटा झटका आला तर हात सुटला पाहिजे.

---

भातशिवार | ३ जून

काल संध्याकाळी चालू झाला.

पुतण्या फळी घेऊन उभा होता. मी हँडलला, आप्पा खटक्याला. पाइपातली हवा काढली, मग डिझेल बंद करून सुमारे चाळीस फेऱ्यांनी लाल काडी वर आली. आप्पांनी ती बोटाने खाली दाबली. परत वर आली. तीनदा दाबून बघितली. मगच डिझेल उघडायला सांगितलं.

दोन वेळा नुसता पांढरा धूर. तिसऱ्यांदा वेग धरल्यावर आप्पांनी खटका सोडला आणि इंजिन चालू झालं. फणसावरची पाखरं उडाली. गव्हर्नरने लगेच लगाम घातला, फळी लागली नाही. बहिणीला फोन लावून आवाज ऐकवला. ती काही बोलली नाही, फोन मात्र ठेवला नाही.

वीस मिनिटं चालवला. हॉपरचं पाणी तापून वाफ यायला लागली तेव्हा आप्पांनी तांब्याने भर घातली, गोळा वर आला. पहिलं तेल पंचवीस तासांनी बदलेन.

---

बिडाची_भट्टी | ३ जून

तड्याची जागा?

---

भातशिवार | ३ जून

कोरडी. कॉक हाताने आवळून फक्त पाव फेरा पान्याने.

---

खानापूरची_लेक | ४ जून

आणि आप्पा काय म्हणाले?

---

भातशिवार | ४ जून

बंद केल्यावर पट्ट्यावर अंगठा दाबून बघितला आणि म्हणाले, "पट्टा ढिला हाय. उद्या सकाळी येतो, तोवर हात लावू नकोस." आज सात वाजताच आले होते. पट्टा आवळून झाला, आता लोखंडी चाकं चढवतोय. पाऊस धरला की आधी त्यांच्या वाटणीतल्या नाल्याकडच्या तुकड्यात चिखलणी करायची असं ठरलंय.